रोजची भाकर

‘‘काय गं, रोज सकाळी तेच ते पुस्तक वाचतेस. कंटाळा येत नाही का?’’ वर्गातील एका मैत्रिणीने परवा मला विचारले. ‘‘भाकरीचा कुठे कंटाळा येतो?’’ असे मी चटकन म्हणाले आणि आम्ही दोघी हसलो. पण नंतर माझी मलाच लाज वाटली. कारण दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी ते पुस्तक वाचत नव्हते, नुसते पाठ करीत होते. या दोहोंत जे अंतर आहे, त्याविषयीच मला येथे लिहायचे आहे.

मी इंझोरीची. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले हे गाव. घर शेतकऱ्याचे आणि ख्रिस्ती. आजीला अक्षरओळख नाही. कॉलेजची पायरी चढणारी घरातली मी पहिलीच. उपासनेसाठी आम्हांला एस.टी.ने शहरात जावे लागते, आणि सोयाबीनची काढणी आली की तेही जमत नाही. त्यामुळे घरात बायबल वाचून दाखवण्याचे काम लहानपणीच माझ्याकडे आले. वचने पाठ म्हणण्याच्या स्पर्धेत मला बक्षिसेही मिळाली. त्यातला एक स्टीलचा डबा अजून घरात आहे. विश्वास म्हणतात तो हाच, असे मला वाटे.

हा भ्रम आजीने मोडला. शेताच्या धुऱ्यावरून वडिलांचे शेजाऱ्यांशी भांडण झाले होते. त्यांची मुलगी माझी बालमैत्रीण. पण भांडणानंतर आम्हीही एकमेकींना पाहून मान फिरवू लागलो. एका संध्याकाळी मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय वाचत होते. देवाला काही वाहण्यापूर्वी दुखावलेल्या भावाशी समेट करून ये, अशी येशूची शिकवण त्यात आहे. आजी मध्येच म्हणाली, ‘‘पोरी, हे तं तू वाचलं. मंग तिच्यासंग बोलत काहून नाही?’’

तो अध्याय मला तोंडपाठ होता. स्टीलचा डबा त्याच अध्यायाचा! पण आजीला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हते.

निर्गम पुस्तकात रानात भटकणाऱ्या इस्राएल लोकांना मिळालेल्या मान्न्याची गोष्ट आहे. शब्बाथाचा अपवाद सोडला, तर ज्याने त्याने त्या त्या दिवसापुरताच तो गोळा करायचा. साठवून ठेवला की त्यात किडे पडत. माझ्या पाठांतराचे असेच झाले होते. मोबाईलवर रोज सकाळी फुलांच्या चित्रासह वचने येतात, ती आपण बोटाने पुढे ढकलतो, त्यांचेही असेच होते. थोडेच वाचावे, पण ते आजच्या दिवसाला लावून पाहावे, असे माझे मत झाले आहे.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचे उदाहरण यासाठी मला मोलाचे वाटते. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते येऊन थांबले आणि त्याने त्यांना सोडले नाही. पुढे १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई मात्र लगेच त्यांच्यामागे गेल्या नाहीत. विरह सोसला, स्वतः विचार केला, सोवळ्या-ओवळ्याशी मनातल्या मनात झगडल्या आणि १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेल्या या बाईंनी टिळकांच्या मृत्यूनंतर त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ पुरे केले. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला धीर येतो तो याचाच, की श्रद्धा एका रात्रीत पिकत नाही आणि शंका येणे म्हणजे पाप नव्हे.

पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबल सोप्या मराठीत आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे वेचली. साध्या बायाबापड्यांना ते कळावे, ही त्यांची तळमळ. माझ्या आजीसारखीला कळले, की काय होते ते मी पाहिलेच आहे!

आता प्रार्थनेविषयी. परीक्षेच्या दिवसांत मी डोळे मिटून खूप मागत असे आणि निकाल लागला की विसरत असे. हा अर्ज झाला, प्रार्थना नव्हे. आजीने विचारले त्या रात्री प्रभूची प्रार्थना म्हणताना मी क्षमेच्या ओळीशी अडखळले. पुढे शब्दच फुटेना. तीन रात्री असेच झाले. माझी पहिली खरी प्रार्थना ती, असे मला आज वाटते.

चौथ्या दिवशी मी मैत्रिणीच्या घरी गेले. काकूंनी पाणी दिले. ती फारसे बोलली नाही. निघताना मात्र दारापर्यंत आली. घरी वडील रागावले. धुऱ्याचा वाद अजूनही मिटलेला नाही, मोजणी व्हायची आहे. पण आता एस.टी.ची वाट पाहत आम्ही दोघी शेजारी उभ्या राहतो.

कोणी म्हणतील, चांगलेच वागायचे तर पोथी-प्रार्थना कशाला? मला वाटते, वाचन नसते तर आजीला प्रश्न सुचला नसता. आणि आजी नसती तर माझे वाचन फुकट गेले असते. एकट्याचे चिंतन स्वतःला फार लवकर माफ करते. म्हणून ऐकणारे आणि उलट विचारणारे माणूस जवळ हवे.

मैत्रिणीला मी आता नीट उत्तर देईन. तुझ्या घरी ग्रामगीता असेल, कुणाकडे धम्मपद, कुणाकडे कुराण. जे असेल ते घरातल्या न शिकलेल्या माणसाला एकदा मोठ्याने वाचून दाखव. मग ते काय विचारते, ते ऐक. कंटाळा यायला सवड मिळणार नाही.