चित्रफितीतील सांधा आणि शेताचा बांध

अतिवृष्टीने वा गारपिटीने उभे पीक आडवे झाले म्हणजे नुकसानीची नोंद जितकी लवकर आणि जितकी बिनचूक होईल, तितके शेतकऱ्याचे हित साधते. पूर्वी हे काम सर्वस्वी शेतोशेती पायी फिरूनच करावे लागे. आता त्याच्या जोडीस ड्रोन आले आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील गावठाणांच्या मोजणीमुळे हे यंत्र खेडोपाडी ओळखीचे झाले, आणि शिवारावरून ते फिरवून चलच्चित्रण करून ठेवण्याकडेही कल वाढत आहे. पद्धत चांगली आहे. परंतु लांबलचक चित्रण म्हणजे अखंड पुरावा, असा जो समज तिच्याबरोबर पसरत आहे, तो मात्र बरोबर नाही. प्रसंगी तो एखाद्या लहान शेतकऱ्याचे नुकसान करू शकतो.

चलच्चित्र म्हणजे वस्तुतः एकामागून एक घेतलेल्या स्थिर चित्रांची मालिका होय. या प्रत्येक चित्रास फ्रेम म्हणतात. सामान्यतः दर सेकंदास अशा २५ ते ६० फ्रेम घेतल्या जातात व त्या कॅमेऱ्यातील लहानशा कार्डावर फाइलीच्या रूपाने साठवल्या जातात. कार्डावरील मांडणीच्या ज्या पद्धतीस फॅट-३२ असे नाव आहे, ती १९९६ सालची आहे. तिच्यात एका फाइलीचा आकार ४ गिगाबाइटच्या पलीकडे जाऊ शकत नाही. कारण फाइलीची लांबी लिहिण्यास तेवढीच जागा नेमून दिलेली आहे. ही मर्यादा आली की कॅमेरा पहिली फाइल मिटतो व दुसरी उघडतो. दर सेकंदास १०० मेगाबिट या दराने चित्रण चालू असेल, तर एक फाइल सुमारे पावणेसहा मिनिटांत भरते. म्हणजे २० मिनिटांच्या एका उड्डाणात असे तीन सांधे पडतात.

फाइल मिटताना तिच्यातील फ्रेमांची अनुक्रमणिका लिहावी लागते. तेवढा वेळ नव्याने येणाऱ्या फ्रेमा कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या स्मृतीत थांबून राहतात. कार्ड संथ असेल किंवा ही स्मृती अपुरी असेल, तर त्यांतील काही गळून जातात. काही कॅमेऱ्यांत एकही फ्रेम गळत नाही, तर काहींत सेकंदाचा काही अंश हरवतो. हे यंत्रावर आणि कार्डावर अवलंबून असते.

एवढ्याशा गळतीने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. करमणुकीच्या चित्रणात काहीच बिघडत नाही. शेताच्या नोंदीत मात्र बिघडते, आणि ते कसे हे एका उदाहरणावरून ध्यानात येईल. ड्रोन दर सेकंदास ५ मीटर वेगाने जात आहे, दर सेकंदास ३० फ्रेम घेतल्या जात आहेत व प्रत्येक सांध्यावर १५ फ्रेम गळतात, असे समजू. म्हणजे दर सांध्यास अर्धा सेकंद, अर्थात अडीच मीटर जमीन चित्रातून निसटली. पुढे कार्यालयात चारही फाइली जोडून एकच चित्रफीत केली आणि आरंभापासून वेळ मोजून ती ड्रोनच्या स्थाननोंदीशी जुळवली, तर तिसऱ्या सांध्यानंतर दीड सेकंदाचा, म्हणजे साडेसात मीटरचा फरक साचलेला असतो. जे चित्र पुढच्या जागेचे, ते मागच्या जागेच्या नावे लागते. गुंठ्याची एक बाजू ३३ फूट, म्हणजे सुमारे १० मीटर असते. तेव्हा हा फरक तिच्या पाऊण हिश्श्याइतका झाला. मोठ्या सलग शेतात तो खपून जाईल. पण वाटण्या होऊन अरुंद पट्ट्या पडलेल्या शिवारात तेवढ्यात बांध ओलांडला जातो. एकाचे लोळलेले पीक दुसऱ्याच्या नावे दिसते, आणि ज्याचे खरोखर नुकसान झाले त्याच्या नावे उभे पीक दाखवले जाते.

नवी, अधिक क्षमतेची कार्डे घेतली म्हणजे प्रश्न मिटला, असेही काही जणांचे मत आहे. ३२ गिगाबाइटहून मोठ्या कार्डांवर सामान्यतः एक्सफॅट ही मांडणी असते व तिच्यात ४ गिगाबाइटची अडचण नाही, हे खरे. परंतु अशी कार्डे घातली तरीही कित्येक कॅमेरे फाइलीचे तुकडे पाडतातच. त्यात लाभही आहे. मध्येच वीज तुटली वा यंत्र कोसळले, तर बहुधा शेवटचाच तुकडा बिघडतो व आधीचे सुरक्षित राहतात. म्हणून तुकडे पडणे हा दोष नव्हे. सांधा कोठे आहे हे न पाहता जोडलेली फीत अखंड मानणे, हा दोष आहे.

मोजणी करणारे साखळी संपली की तेथे खूण करतात व पुढची साखळी त्याच खुणेपासून धरतात. चित्रणातही हाच नियम पाळावा. यंत्राने आपल्या सोयीने फीत तोडण्याची वाट न पाहता, चार-पाच मिनिटांच्या आत एखाद्या ठळक बांधाशी वा विहिरीशी चित्रण आपणच थांबवावे आणि नवे चित्रण थोडे मागून, तीच खूण पुन्हा दिसेल अशा रीतीने सुरू करावे. मूळ फाइली पुसू नयेत. प्रत्येक फाइल तिच्या स्वतःच्या आरंभवेळेनुसार स्थाननोंदीशी जुळवावी, म्हणजे चूक साचत नाही. दर सेकंदास किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देणारे, व्ही-३० अशी खूण असलेले कार्ड वापरावे. हंगामापूर्वी, ड्रोन जमिनीवर असतानाच, सेकंदाचे शतांश दाखवणाऱ्या मोबाइलवरील घड्याळाचे लांब चित्रण करून पाहावे. पहिल्या फाइलीचा शेवट व दुसरीचा आरंभ ताडून पाहिला की आपल्या यंत्राची गळती कळते. आणि क्षेत्र मोजावयाचे असेल, तेथे चलच्चित्रापेक्षा एकमेकांवर पुरेशी चढणारी स्थिर छायाचित्रे घ्यावीत. कारण स्थाननोंदीची सोय असलेल्या ड्रोनच्या प्रत्येक छायाचित्रात त्याचे स्थान नोंदलेले असते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी चित्रणाचे सांधे कोठे पडले हे टिपणात लिहून ठेवावे आणि त्या ठिकाणची शेते पायी जाऊन अवश्य पाहावीत. शेतकऱ्यांनीही आपले शेत चित्रणात नीट आले किंवा नाही हे विचारण्यास संकोच करू नये. यंत्राचा डोळा उंचावरून पाहतो, पण मध्ये मध्ये तो मिटतो. त्या क्षणी खाली कोणाचे शेत होते, हे पाहण्याची जबाबदारी माणसाचीच आहे.