भीड बाजूला ठेवा, ताट परत पाठवा



वारणा खोऱ्यातील दूध उत्पादकाला एक गोष्ट कोणी शिकवावी लागत नाही. संकलन केंद्रावर नेलेले दूध नासले असेल, तर ते परत येते. दूध घालणारा क्षणभर नाराज होतो, परंतु त्यात कोणी आपला अपमान मानत नाही; कारण एका किटलीतील दुधाने सारी टाकी नासू शकते, हे उभयतांना ठाऊक असते. हाच गृहस्थ रविवारी सहकुटुंब हॉटेलात बसतो आणि पुढ्यात अर्धकच्चे मांस येते, तेव्हा मात्र गप्प राहतो. ‘चारचौघांत तमाशा कशाला’, ‘पोराचा वाढदिवस आहे’, ‘एवढे पैसे मोजले आहेत’ असे म्हणत घास गिळला जातो. भीड भिकेची बहीण, असे आपण म्हणतो. ती आजाराचीही बहीण आहे.

हा विषय सुचण्यास गेल्या महिन्यातील एक जेवण निमित्त झाले. आम्ही घरातील सात जण कोल्हापूरच्या बाजूला एका नावाजलेल्या ग्रिल हॉटेलात गेलो होतो. टेबलाच्या मध्यभागी निखाऱ्यांची शेगडी, तीवर लोखंडी सळ्यांना लावलेले चिकन, पनीर, अननस. बाहेर ताटकळलेल्या गिऱ्हाइकांची रांग. हॉटेलचे नाव येथे गौण आहे, कारण तेथे जे अनुभवले ते कोणत्याही गर्दीच्या हॉटेलात घडू शकते.

उशीर आणि मधुमेह

टेबल मिळण्यास पाऊण तास गेला आणि पहिली प्लेट येण्यास आणखी चाळीस मिनिटे. तरुणांनी ती गप्पांत घालवली. आमच्या वहिनींनी मात्र, जेवण आता येईलच या समजुतीने, मधुमेहाची गोळी घेतली होती. थोड्या वेळाने त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले. ग्लासभर पाण्यात तीन चमचे साखर विरघळवून दिल्यावर पंधरा मिनिटांत त्या सावरल्या.

रक्तातील साखर एकाएकी उतरणे ही क्षुल्लक बाब नव्हे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्यांनी बाहेर जेवताना एक पथ्य पाळावे: जेवणाआधीचे औषध, आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, अन्न प्रत्यक्ष समोर आल्यावरच घ्यावे. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावी. रुग्ण बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. थेट रुग्णालय गाठावे.

बाहेरून करपलेले, आतून कच्चे

अखेर लेग पीस आले. बाहेरून काळसर, खमंग. मोडल्यावर हाडाजवळ मांस गुळगुळीत आणि त्यातून लालसर पाणी ओघळत होते. वाढप्याला दाखवले, तर तो म्हणाला, “साहेब, ज्यूसी आहे, असंच असतंय.” शेजारच्या टेबलावर तेच पीस मुले आवडीने खात होती.

असे का घडते, हे समजून घेतले पाहिजे. निखाऱ्याची आच बाहेरून लागते. जाड, हाडासहित तुकड्याचा पृष्ठभाग काही मिनिटांत करपतो, पण उष्णता हाडापर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो. गर्दीच्या रात्री हॉटेलाकडे नसतो तो हाच वेळ. म्हणून अनेक ठिकाणी मांस आधी अर्धवट भाजून ठेवतात आणि मागणी आली की पुन्हा आचेवर धरतात. मधल्या काळात ते कोमट राहिले, तर जिवाणूंना आयते रान मिळते. अन्न ५ ते ६० अंश सेल्सियस या पट्ट्यात जितका वेळ राहील, तितके ते धोक्याचे. चिकनच्या गाभ्याचे तापमान ७५ अंशांपर्यंत गेले, की सालमोनेला, कॅम्पायलोबॅक्टर यांसारखे जिवाणू मरतात. मात्र स्टॅफिलोकॉकस जिवाणूने एकदा विष तयार केले, की ते पुन्हा तापवल्यानेही जात नाही.

केवळ रंगावर विसंबू नये. कोवळ्या कोंबडीचे मांस पूर्ण शिजूनही हाडालगत गुलाबी दिसू शकते. उलट मसाल्याच्या लाल रंगाखाली कच्चेपणा दडतो. शेजारच्या कर्नाटक राज्याने जून २०२४ मध्ये कबाबांत कृत्रिम रंग वापरण्यास मनाई केली, ती आरोग्याच्याच कारणास्तव. आपण पाहावे ते असे: मांस हाडापासून सहज सुटते का, तंतू वेगळे होतात का, निघणारे पाणी स्वच्छ आहे का आणि मधला भाग वाफाळतो का. गार, चिवट, रबरासारखा गाभा दिसला, तर तो तुकडा खाऊ नये. घरी भाजत असाल, तर अन्नाचा थर्मामीटर घ्यावा. तो अंदाजापेक्षा खात्रीचा.

ही भीती अवास्तव नाही. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात मे २०२२ मध्ये शोरमा खाल्ल्यानंतर अनेक जण आजारी पडले आणि १६ वर्षांची एक विद्यार्थिनी दगावली. रुग्णांत शिगेला जिवाणू आढळला. मे २०२४ मध्ये मुंबईत मानखुर्द भागातील विक्रेत्याकडचा चिकन शोरमा खाल्ल्यानंतर १९ वर्षांच्या तरुणाचा मृत्यू झाला आणि दोन विक्रेत्यांना अटक झाली. शोरम्यातही दोष तोच संभवतो: बाहेरचा थर भाजलेला, आतला कच्चा किंवा तासन्‌तास कोमट. जोडीला कच्च्या अंड्याचे मेयोनीज. केरळने जानेवारी २०२३ मध्ये अशा मेयोनीजवर बंदी घातली आणि पार्सलवर अन्न तयार केल्याची वेळ लिहिणे सक्तीचे केले.

परत पाठवण्याची रीत

आम्ही प्लेट परत पाठवली. दहा मिनिटांनी तेच तुकडे पुन्हा भाजून आले, पण त्याच प्लेटमध्ये आणि कच्चे पाणी लागलेल्या त्याच हिरव्या चटणीसह! भाजण्याचा सारा उपयोग तेथे संपला. म्हणून परत पाठवताना स्पष्ट सांगावे: नवीन प्लेट, नवीन चटणी, नवीन चमचे. टेबलावरच्या शेगडीसाठीही तेच. कच्च्या सळईला लावलेला तेलाचा ब्रश भाजलेल्या तुकड्यांवर फिरवू नये.

आवाज चढवू नका. वाढपी हा बहुधा गर्दीने दमलेला, बारा तास उभा असलेला मुलगा असतो. स्वयंपाकघरातील घाई त्याने ठरवलेली नसते. व्यवस्थापकाला बोलवा, तुकडा मोडून दाखवा, “हे आतून शिजलेले नाही, मुलांना देता येणार नाही,” एवढेच म्हणा. गर्भवती, पाच वर्षांखालील मुले, वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार घेणारे यांच्यासाठी तर दुसऱ्यांदा विचारही करू नका. त्यांना दुसरा पदार्थ मागवा.

आपले हक्कही ठाऊक असू द्या. १ जानेवारी २०२२ पासून बिलावर एफएसएसएआयचा १४ अंकी परवाना क्रमांक छापणे बंधनकारक आहे. सेवा शुल्क ऐच्छिक आहे. जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचना दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ग्राह्य ठरवल्या. सेवा असमाधानकारक असेल, तर ते शुल्क कमी करण्यास सांगण्यात संकोच नको. तक्रारीसाठी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा निःशुल्क क्रमांक १८००२२२३६५ आहे. बिल मात्र जपून ठेवावे.

त्रास झालाच तर

रुग्ण नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो. वस्तुतः स्टॅफिलोकॉकसची उलटी एक ते सहा तासांत होते, सालमोनेलाचे जुलाब सहा तासांपासून तीन दिवसांपर्यंत कधीही, तर कॅम्पायलोबॅक्टरची लक्षणे बहुधा दोन ते पाच दिवसांनी दिसतात. म्हणून डॉक्टरांना आठवडाभराचे खाणे सांगावे आणि सोबत जेवलेल्यांपैकी आणखी कोणाला त्रास झाला का, हेही.

उपचारात पहिला मान ओआरएसचा. पुडी नसेल, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालून घोट घोट पाजावे. चमचा चहाचा घ्यावा. जुलाब ‘बांधणारी’ गोळी किंवा उरलेले प्रतिजैविक स्वतःच्या मनाने घेऊ नये. ताप किंवा शौचातून रक्त असताना अशी गोळी अपाय करते. शौचातून रक्त, जोराचा ताप, सहा तास लघवी न होणे, पाणीही पोटात न टिकणे, मुलाची टाळू किंवा डोळे खोल जाणे, गुंगी येणे, यांपैकी एकही लक्षण दिसले, तर त्याच दिवशी रुग्णालयात जावे. जुलाबांनंतर काही दिवसांनी पायांत वाढती अशक्तता जाणवली, तर तेही तातडीने दाखवावे. कॅम्पायलोबॅक्टरनंतर क्वचित मज्जातंतूंचा विकार उद्‌भवतो.

बाहेर जेवण्याचा आनंद मला हिरावून घ्यायचा नाही. परंतु दारापुढील रांग केवळ हॉटेलची लोकप्रियता सांगते, स्वयंपाकघराची शिस्त नव्हे. पुढच्या रविवारी मुलाच्या ताटात पीस वाढण्यापूर्वी तो आधी मोडून पाहा आणि कच्चा निघाला, तर त्याच्या देखतच, शांतपणे, परत पाठवा. ही सवय मुलाने आपल्याकडूनच शिकावी.