पाण्याची पातळी गावाला दिसू द्या!

मुंबई-आग्रा रस्त्याने नाशिकहून मालेगावकडे निघालात की वाटेत, डोंगराच्या पायथ्याशी चांदवड लागते. रेणुकादेवीच्या दर्शनाला तुमच्यापैकी काही जण तेथे गेलेही असतील. पण पुन्हा गेलात, तर गावातील होळकरांचा वाडा, म्हणजेच रंगमहाल, अवश्य पाहा. अठराव्या शतकातील या वाड्यात लाकडी खांब आणि कोरीवकाम तर आहेच. पण मला तुमचे लक्ष वेधायचे आहे ते तेथील बारवेकडे.

बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) देशभर अशा बारवा, विहिरी आणि घाट बांधवले, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. तुम्ही म्हणाल, "ही तर जुनी गोष्ट झाली. आता नळ आहेत, विंधन विहिरी आहेत. बारवेचा आज काय उपयोग?" उपयोग आहे, आणि तो केवळ पाणी साठवण्यापुरता नाही, असे माझे मत आहे.

बारवेत पाणी आणायला जाणारा माणूस पायऱ्या उतरून जात असे. पावसाळ्यानंतर चार पायऱ्यांवर पाणी लागले आणि होळीच्या सुमारास वीस पायऱ्या उतराव्या लागल्या, तर पाणी किती उतरले हे त्याला कोणी सांगावे लागत नसे. त्याचे पायच ते मोजत होते! बारव ही नुसती विहीर नव्हती. ती साऱ्या गावाला वाचता येणारी मोजपट्टी होती. याउलट विंधन विहिरीचे पाहा. सहा-सात इंच व्यासाचे भोक, वर झाकण आणि आत पंप. बटण दाबले की पाणी येते, आणि एके दिवशी येईनासे होते. त्या दोन दिवसांमध्ये जमिनीखाली काय घडले, ते कोणालाच दिसत नाही.

ते काय घडते, हे समजण्यासाठी आपल्या पायांखालचा खडक ओळखायला हवा. चांदवडचे डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनले आहेत. यांतला काळा पाषाण कठीण असतो. त्यात पाणी राहते ते फक्त भेगांमध्ये. वरचा कुजलेला मुरूम आणि सच्छिद्र मांजऱ्या खडक यांत थोडे अधिक पाणी मावते. 'थोडे' म्हणजे किती? अशा एक घनमीटर खडकातून साधारणपणे १० ते ३० लिटर पाणीच काढता येते. आपण २० लिटर धरू.

आता एक गणित करा. तुमच्या शाळेचे छप्पर ५०० चौरस मीटर आहे असे समजा. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, पण चांदवड पर्जन्यछायेत आहे. तेथे हिशेबासाठी ५०० मिलिमीटर धरू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. म्हणून छपरावर वर्षाला अडीच लाख लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी दोन लाख लिटर उरते. हे पाणी जमिनीत मुरवले, तर एक हेक्टर जमिनीखालची पाणीपातळी एक मीटरने वर येईल! पडताळा पाहा : १०,००० घनमीटर खडक, प्रत्येकी २० लिटर.

पण टाळ्या वाजवण्याआधी हेच गणित उलट करा. दहा हजार लिटरचे वीस टँकर उपसले की तीच पातळी पुन्हा एक मीटर खाली जाते. शिवाय मुरलेले पाणी एका जागी थांबत नाही. ते उताराच्या दिशेने हळूहळू सरकत असते. आपला खडक चटकन भरतो आणि चटकन रिकामाही होतो. म्हणूनच येथे पाणी मुरवणे जितके महत्त्वाचे, तितकेच उपशावर डोळा ठेवणेही महत्त्वाचे. पहिल्या कामाची चर्चा पुष्कळ होते, दुसऱ्याची होत नाही.

कोणी म्हणेल, "धरणावरून मोठी जलवाहिनी आणली की प्रश्न मिटेल." गावे वाढत आहेत, त्यांना जलवाहिनी हवीच, ती नको असे मी म्हणत नाही. पण शेजारच्या मनमाडने नळाला पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवसांनी पाणी येण्याचे उन्हाळे काढले आहेत. लातूरला २०१६ साली मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. दूरचे पाणी आटले की माणूस पुन्हा गावातल्या विहिरीकडे वळतो. तोपर्यंत ती विहीर कचऱ्याने बुजलेली असेल, किंवा शोषखड्ड्याचे घाण पाणी तिच्यात झिरपत असेल, तर काय करणार?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावाच्या पिण्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक पाणी शेतीला लागते. मग घरांच्या छपरांनी काय होणार? हे खरे आहे, आणि म्हणूनच हिशेब सर्वांसमोर हवा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने १९९० नंतर हे करून दाखवले. तेथे पाऊस आणि विहिरींची पातळी मोजतात, ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिके ठरवतात. आकडा सर्वांना दिसतो, म्हणून नियम पाळला जातो.

चांदवडसारख्या प्रत्येक गावात हे सुरू व्हावे, आणि ते शाळांनी सुरू करावे, असे मला वाटते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपण आपल्या गावातली दर पंधरवड्याला मोजू शकतो. शिक्षकांना सोबत घेऊन पक्का कठडा असलेली सार्वजनिक विहीर निवडा. कठड्यावर चढू नका. खुणा केलेल्या दोरीला वजन बांधून पाण्यापर्यंतची खोली मोजा, आणि तो आकडा चौकातील फळ्यावर खडूने लिहा. शेजारी त्या पंधरवड्याचा पाऊसही लिहा.

शाळेच्या छपराचे पाणी मुरवायचे असेल, तर पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडा आणि पुढचे खडी-वाळूच्या गाळणीतून जाऊ द्या. रस्त्यावरचे पाणी मात्र विहिरीत कधीही सोडू नका.

पहिल्या वर्षी फळ्याकडे कोणी पाहणारही नाही. दुसऱ्या वर्षी एखादे आजोबा थांबून विचारतील, "गेल्या वर्षी या दिवसांत किती होते रे?" त्यांना उत्तर देण्यासाठी तुमच्याजवळ वही असली पाहिजे. जुन्या लोकांनी पायऱ्या बांधून गावाला पाणी दाखवले. तुम्हाला तर फक्त दोरी, वही आणि खडू हवा आहे.