चेहऱ्याला आम्ल? हो, पण बेताने

'आम्ल' म्हटले की शाळेची प्रयोगशाळा आणि भोके पडलेला रुमाल आठवतो. ते चेहऱ्याला लावायचे म्हटल्यावर कुणीही दचकेल. पण बेसनात आंबट दही कालवून अंगाला लावण्याची आपल्या घरातली रीत जुनीच आहे आणि त्या दह्यातही लॅक्टिक आम्ल असते. बाटलीत तेच मोजूनमापून मिळते, एवढाच फरक.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असतो. खालून नव्या पेशी वर सरकतात, जुन्या गळून पडतात. तरुण वयात या फेऱ्याला सुमारे २८ दिवस लागतात. पुढे वेग मंदावतो आणि चेहरा निस्तेज दिसू लागतो. या मृत पेशी प्रथिनांच्या बारीक दुव्यांनी एकमेकींना धरून असतात. आम्ल हे दुवे सैल करते, म्हणून न घासता पेशी सुटतात. अक्रोडाच्या भरड भुकटीने गाल खरवडण्यापेक्षा हे केव्हाही बरे. १९७४ मध्ये अमेरिकेत व्हॅन स्कॉट आणि यू यांनी माशाच्या खवल्यांसारख्या कोरड्या त्वचेच्या विकारावर या आम्लांचा उपयोग दाखवला. प्रसाधनांत ती नंतर आली.

उसात सापडणाऱ्या ग्लायकॉलिक आम्लाचा रेणू लहान, म्हणून ते चटकन आत शिरते आणि चुरचुरतेही. लॅक्टिक त्यामानाने सौम्य. नाजूक त्वचेने तिथूनच सुरुवात करावी. सॅलिसिलिक तेलात विरघळते. त्यामुळे तेलाने बुजलेल्या रंध्रांत ते उतरते आणि मुरुमे, ब्लॅकहेड्स यांवर उपयोगी पडते. ॲस्पिरिनची ॲलर्जी असणाऱ्यांनी मात्र ते टाळावे.

लिंबू चोळण्याची सवय सोडलेलीच बरी. त्याची तीव्रता आपल्या हातात नसते, शिवाय लिंबाचा रस अंगावर असताना उन्हात गेल्यास काळे चट्टे उठू शकतात.

आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा खरा धोका हाच. जळजळ ओसरते, पण तिच्या जागी उमटलेला डाग महिनोन्महिने जात नाही. मग लग्न आठ दिवसांवर आले असताना नवी बाटली उघडण्याची घाई कशाला? दोन महिने हाताशी असतील तरच सुरुवात करा.

ग्लायकॉलिक किंवा लॅक्टिक घरी वापरायचे तर १० टक्क्यांच्या वर जाऊ नये. नवख्यांना ५ टक्के पुष्कळ झाले. आधी कानामागे लावून दोन दिवस वाट पाहा. मग आठवड्यातून दोनदा, रात्री, धुऊन कोरड्या केलेल्या चेहऱ्यावर लावा आणि वरून साधे मॉइश्चरायझर. त्याच रात्री रेटिनॉल नको. थ्रेडिंग किंवा वॅक्सिंग केले असेल तर दोन-चार दिवस थांबा. थोडी चुणचुण चालेल. लाली आणि आग होऊ लागली तर लगेच गार पाण्याने धुवा. दिवसा ३० एसपीएफचे सनस्क्रीन हवेच, कारण आम्लाने त्वचा उन्हाला हळवी होते. वापर थांबवल्यावरही आठवडाभर ते लावत राहा.

पार्लरमधल्या 'पील'ची गोष्ट वेगळी. त्वचारोगतज्ज्ञ २० ते ७० टक्क्यांपर्यंतचे ग्लायकॉलिक घड्याळ लावून वापरतात आणि वेळ संपताच त्याचा परिणाम थांबवतात. खुर्चीत बसण्याआधी टक्केवारी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर पर्स उचलून सरळ घरी या.