अंगठा गेला कुठे?

आमच्या चित्रकारांवर आणि नाटकवाल्यांवर माझा एक जुना राग आहे. तो यंदा फराळाच्या ताटाबरोबरच वाचकांपुढे ठेवायचे मी ठरवले आहे. भिंतीवरचे कॅलेंडर पाहा, मुलांची गोष्टींची पुस्तके पाहा, दूरचित्रवाणीवरची एखादी पौराणिक मालिका पाहा, नाहीतर गणेशोत्सवातला देखावा पाहा. राम असो, अर्जुन असो, कर्ण असो, दोरी ओढताना त्याची तर्जनी आणि मध्यमा, फार तर जोडीला अनामिका, दोरीवर वाकलेली असते. आणि अंगठा बापडा तळहाताशी स्वस्थ पडलेला असतो. जणू त्याचा या कामाशी काही संबंधच नाही!

ही पकड विलायती आहे. एडवर्ड मोर्स नावाच्या अमेरिकन पंडिताने १८८५ साली जगभरच्या तिरंदाजांच्या पकडींवर एक निबंध लिहिला, त्यात तिला त्याने भूमध्यसागरी पकड असे नाव दिले. इंग्रजांचे लांब धनुष्य याच पकडीने ओढले जाई आणि आजच्या ऑलिंपिकमधले धनुर्धारीही दोरी अशीच ओढतात. तिच्यात वाईट काही नाही. पण ती रामाच्या आणि अर्जुनाच्या हाती कुणी दिली?

माझ्या ओळखीच्या एका नाट्यसंस्थेच्या दिग्दर्शकांना मी हे एकदा तालमीत विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "अहो, प्रेक्षक भाव पाहतात, बोटे कोण मोजतो?" खरे आहे. पण त्या दिवशी तालीम चालली होती एकलव्याची, आणि एकलव्याच्या नाटकात बोटे मोजायची नाहीत तर मग मोजायचे तरी काय?

दोन बोटांनी दोरी ओढणारा एकलव्य रंगमंचावर उभा करा आणि मग त्याचा अंगठा कापून घ्या. पुढच्या रांगेतले चुणचुणीत पोर हटकून विचारणार, "आई, तो अंगठा वापरतच नव्हता, मग द्रोणाचार्यांनी अंगठा का मागितला?" आणि आई सांगणार, "अरे, गुरूने मागितले की द्यायचे असते." झाले! एका चुकीच्या पकडीने एका अन्यायाचा आम्ही सुविचार करून टाकला.

आता मूळ कथा काय सांगते ते पाहा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीतही ही कथा आदिपर्वात आहे. निषादराज हिरण्यधनूचा हा मुलगा भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात सात बाण सोडतो, तेही जवळजवळ एकदमच. पांडव थक्क होतात ते त्याच्या नेमावर आणि त्याच्या हाताच्या चपळाईवर. अर्जुन द्रोणांना त्यांच्या वचनाची आठवण देतो, द्रोण उजवा अंगठा मागतात, तो देतो. आणि त्यानंतर महाभारतकार एक लहानसे वाक्य घालतो, जे आमचे कीर्तनकार आणि पाठ्यपुस्तकवाले नेमके गाळतात. तो म्हणतो, यापुढे निषादपुत्र बोटांनी दोरी ओढू लागला, पण पूर्वीसारखा तो शीघ्र राहिला नाही.

वाचकहो, यातला एकेक शब्द तोलून घ्या. पुढे तो बोटांनी ओढू लागला, म्हणजे आधी अंगठ्याने ओढत होता. त्याची विद्या गेली नाही, नेमही गेला असे म्हटलेले नाही. गेली ती चपळाई, म्हणजे कुत्र्याच्या तोंडावर अर्जुनाने जी पाहिली होती नेमकी तीच! द्रोणांनी भावनेच्या भरात काहीतरी मागितले नाही. यंत्रातला कोणता खिळा काढला म्हणजे यंत्र चालेल पण मागे पडेल, हे जाणणाऱ्या कारागिराची ती मागणी होती.

अंगठ्याने वेग कसा येतो, हे समजायला धनुर्वेद शिकायला नको. अंगठा दोरीभोवती वाकवायचा, त्याच्यावर तर्जनीचे कुलूप घालायचे आणि ओढायचे. तर्जनी सैल केली की अंगठा सुटतो, दोरी सुटते. तीन बोटांनी धरलेली दोरी तीन ठिकाणांहून सुटायची असते, अंगठ्याची एकाच ठिकाणाहून. शिवाय या पकडीत बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला टेकतो आणि तर्जनी त्याला तिथे दाबून ठेवते. भात्यातून बाण काढणारा उजवा हात बाण सरळ दोरीवर आणतो, त्याला धनुष्याला वळसा घालून पलीकडे जावे लागत नाही. एका बाणाला हा फरक पापणी लवण्याइतका; सात बाणांना तो केवढा होतो, हे कुत्र्याला विचारा.

"ही तर मोगलांची पकड," असे एक विद्वान स्नेही मला म्हणाले. मोगल अंगठ्यानेच ओढीत, यात वाद नाही. अंगठ्याला दोरी काचू नये म्हणून ते जेडची, शिंगाची, हाडाची अंगठी घालीत. फारसीत तिला जिहगीर म्हणतात, म्हणजे दोरी पकडणारी. शहाजहानाची अशी एक अंगठी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. (शिंप्याचा अंगुस्ताना पाहिला की मला नेहमी या तिरंदाजांची आठवण येते.) पण म्हणून अंगठा मोगलांनी आणला असे कसे म्हणता? वसिष्ठांच्या नावाने चालणाऱ्या धनुर्वेदसंहितेत दोरी धरण्याच्या पाच मुठी सांगितल्या आहेत: पताका, वज्रमुष्टी, सिंहकर्ण, मत्सरी आणि काकतुंडी. या पाचही मुठींचे वर्णन अंगठा आणि तर्जनी एकमेकांशी कशी बसतात यावरूनच केलेले आहे. ज्या शास्त्रात मुठीचे नावच अंगठ्याच्या जागेवरून ठरते, त्या शास्त्राचे चित्र काढताना आम्ही अंगठाच वगळतो!

दुसरा आक्षेप असा, की अंगठ्याची पकड घोडेस्वाराच्या आखूड धनुष्याची. आपली धनुष्ये तर माणसाएवढी होती, ग्रीक लेखक आरियननेही तसे लिहिले आहे. आखूड धनुष्याला ती सोयीची खरी, कारण दोरी पुरती ओढली की खाचेपाशी कोन चिंचोळा होतो आणि तीन बोटे चेंगरतात. पण म्हणून लांब धनुष्याला ती चालत नाही हे कुठले तर्कशास्त्र? जपानी धनुष्य दोन मीटरांहून लांब असते, आणि जपानी धनुर्धर आजही कठीण अंगठ्याचा चामडी हातमोजा घालून अंगठ्यानेच दोरी ओढतो.

साऱ्या भारतात सर्वकाळ एकच पकड होती, असे मात्र मी म्हणत नाही. भिल्लांचे धनुष्य बांबूचे, दोरीही बांबूच्याच चिवट सालीची. भिल्ल अंगठा लावत नाहीत, एकलव्याची आठवण म्हणून, असे लोक सांगतात. असेल. पण साध्या लाकडी धनुष्यावर बोटांनी ओढणारे लोक जगात पुष्कळ आहेत, आणि त्यांनी एकलव्याचे नावही ऐकलेले नाही. भिल्लाच्या कसबाला त्याचे स्वतःचे कारण असू शकते, हे मानायला आम्हांला इतके जड का जाते?

आणि बोटांची गोष्ट इंग्रजांकडेही आहे. १४१५ साली अझिनकूरच्या लढाईआधी पाचव्या हेन्रीने आपल्या तिरंदाजांना सांगितले, की सापडलात तर फ्रेंच तुमच्या उजव्या हाताची तीन बोटे कापणार आहेत; तिथल्या बखरकारांनी तशी नोंद केली आहे. फ्रेंच तसे खरोखर म्हणाले होते की नाही, ते सोडा. पण पाहा, तिथे भीती तीन बोटांची आणि इथे मागणी अंगठ्याची! जिथे जे बोट दोरी ओढते, तिथे शत्रू तेच मागतो. इंग्रज चित्रकार आपल्या तिरंदाजाच्या हाताची तीन बोटे लपवून अझिनकूरचे चित्र काढील काय?

आमच्या मुलांना तिरंदाजीचे वेड लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंड धनुष्यावर वैयक्तिक जगज्जेते झाले. त्या प्रकारात दोरीला बोट लागतच नाही, ती यांत्रिक कळीने सुटते. आणि त्यांतल्या कित्येक कळी दाबायच्या असतात त्या अंगठ्याने! खेळाडूंनी आजच्या नियमांनी खुशाल खेळावे. माझे भांडण त्यांच्याशी नाही.

माझे मागणे चित्रकारांकडे, मालिकावाल्यांकडे आणि पाठ्यपुस्तक काढणाऱ्यांकडे आहे, आणि त्याला एक पैसा जास्त खर्च येत नाही. अर्जुन काढा तेव्हा बाण धनुष्याच्या उजव्या अंगाला ठेवा, दोरीत अंगठा अडकवा, त्याच्यावर तर्जनी मिटा. एकलव्य काढा तेव्हाही तसेच करा. आणि पुढच्या पानावर, अंगठा गेल्यानंतरचा एकलव्य काढा: दोन बोटांनी दोरी ओढणारा, जसा आज तुम्ही अर्जुन काढता तसा. ती दोन चित्रे शेजारी ठेवून मुलांना पाहू द्या. आई काय सांगणार ते मग बघू.