शेंडा बोलतो, पत्रिका गप्प

आमच्या वेंगुर्ल्याकडे माड रुसला की पहिला सल्ला मिठाचा. तो अगदीच खुळा नाही. मिठातलं क्लोरीन माडाला लागतंच. पण नवी झावळ आखूड निघाली, तिच्या पात्या टोकाशी चिकटून राहिल्या आणि बोंडं गळू लागली, तर दुखणं बहुधा बोरॉनचं. जांभ्या जमिनीतून कोकणचा पाऊस ते धुऊन नेतो. जुन्या झावळीतलं बोरॉन माडाला नव्या पानाकडे फारसं वळवता येत नाही, म्हणून आधी शेंडाच कुरकुरतो.

2015 पासूनच्या मृदा आरोग्य पत्रिकेत बोरॉनचा रकाना आहे, हे चांगलंच. पण योजनेच्या मूळ नियमात बागायतीत 2.5 हेक्टरांमागे एक नमुना, तोही वीतभर खोलीचा! तेवढ्या जागेत आमच्याकडे कातळ, मळा आणि चार भावांची परसं येतात. माडाची मुळं तर वितीहून खोल. संशोधक स्वतः माडाची चौदावी झावळ तपासतात. मग पान-तपासणीची सोय तालुक्याला का नसावी? सध्या दुकानदार देईल ती पुडी आम्ही आळ्यात मुठीने टाकतो. बोरॉनसाठी बोरॅक्सची नेहमीची शिफारस माडामागे 50 ग्रॅमची; अति झालं तर पात्यांची टोकं करपतात.