आजी, तुम्ही फक्त किल्ली द्या!

मंडळी, आज जरा भांडणाच्या सुरात लिहिते आहे. विषय मोटारीचा. सत्तरी ओलांडलेल्या बाईला मोटारीतलं काय कळतं, असं ज्यांना वाटतं त्यांनी तर जरूर वाचावं. कारण शोरूममधल्या मुलांनाही नेमकं तसंच वाटत असतं.

जुनी गाडी देऊन नवी घ्यायला आपल्याकडची माणसं चंद्रपूरला जातात, नाहीतर थेट नागपूर गाठतात. चामोर्शी, अहेरीकडची मंडळी पहाटे निघतात. एवढ्या लांब आलोच आहोत तर काम उरकूनच जाऊ, ही घाई पहिला घात करते. मग समोरचा गोड मुलगा म्हणतो, "आजी, काही काळजी करू नका. तुम्ही फक्त किल्ली द्या, बाकी सगळं आम्ही बघतो."

माझं म्हणणं एवढंच, की हे 'बाकी सगळं' म्हणजेच खरा व्यवहार आणि तो आपणच बघायचा असतो.

मी शाळेत मराठी शिकवलं, गणित नाही. पण वजाबाकी येते. 'एक्स्चेंज' हा शब्द एक असला तरी व्यवहार दोन आहेत. आपण एक गाडी विकतो आणि दुसरी विकत घेतो. शोरूमचं सगळं कसब हे दोन व्यवहार एकात कालवण्यात असतं. एका हाताने जुनीची किंमत वाढवून दाखवायची, दुसऱ्या हाताने नवीवरची सूट गुपचूप काढून घ्यायची.

हिशेबापुरते आकडे धरू. शोरूम म्हणतं, तुमच्या गाडीचे 1,85,000 देतो. आपण खूश! खोदून विचारलं की कळतं, त्यात गाडीचे 1,60,000 आणि 'एक्स्चेंज बोनस' 25,000. तीच गाडी बाहेर 2,10,000 ला जात असेल आणि एक्स्चेंज न करता नवीवर 15,000 ची सूट मिळत असेल, तर आपल्या पदरात 2,25,000 पडतात. फरक 40,000 रुपयांचा. याला बोनस म्हणायचं? आपल्याच ताटातली पोळी उचलून तिचा अर्धा तुकडा आपल्याला आग्रहाने वाढायचा, त्यातला हा प्रकार.

कधी कधी फरक चार-पाच हजारांचाच निघतो. मग खुशाल शोरूमला द्यावी. अनोळखी गिऱ्हाइकांची दारात ये-जा आपल्या वयात नको वाटते, हे मला मान्य आहे. पण फरक आधी कागदावर मांडावा, मग सोडावा.

आमच्या पिढीचं एक दुखणं आहे. आम्ही स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहिलेली माणसं. डिसेंबर 1983 मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली, तोवर मोटार म्हणजे फियाट नाहीतर अँबॅसडर. तेव्हा विकणारा आपल्यावर उपकार करायचा. तो काळ गेला, पण मनातली ओशाळवाणी कृतज्ञता गेली नाही. गोलबाजारात कोथिंबिरीच्या जुडीसाठी दोन रुपयांवरून वाद घालणारे आम्ही, एसी शोरूममध्ये थंड पाण्याचा पेला हाती आला की लाखाच्या व्यवहारात 'जाऊ द्या' म्हणतो.

शिकायचंच असेल तर आपल्या शेजारी शिकायला आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा गाव घ्या. 2009 साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला आणि एप्रिल 2011 मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. त्यानंतर ग्रामसभेने काय केलं? टेंडर काढून आपला बांबू विकला. दारी आलेल्या पहिल्याच व्यापाऱ्याने सांगितलेला भाव घेतला नाही. आणि आम्ही पदवीधर, पेन्शनधारक! आठ-दहा वर्षं जपलेली गाडी एकाच माणसाला दाखवतो आणि तो म्हणेल तो आकडा मान्य करतो. निदान तीन ठिकाणी भाव विचारा. एक ओळखीचा मेकॅनिक, एक जुन्या गाड्यांचा व्यापारी आणि एक शोरूम. आकडे लिहून घ्या. आणि नवीचा भाव पक्का होईपर्यंत जुनीचं नावही काढू नका.

आता भीती घालण्याचे प्रकार. "आजी, डिझेल गाडी दहा वर्षांनी बंद होते, आत्ताच काढा." हे 2015 सालचे हरित लवादाचे आणि 2018 सालचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश दिल्ली आणि भोवतालच्या राजधानी क्षेत्रापुरते. आपल्या एमएच-34 आणि एमएच-33 ला त्यांचा संबंध नाही. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची, पुढे तपासणी करून नूतनीकरण होतं. दुसरी थाप, "बाहेर विकली तर 18 टक्के जीएसटी भरावा लागेल." तो जीएसटी नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याने त्याच्या नफ्यावर भरायचा. घरची गाडी विकणाऱ्या पेन्शनरने नव्हे. तिसरी गोष्ट मात्र खरी आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, म्हणून जुन्यांचे भावही उतरले. पण जुनीचा भाव पाडताना हे कारण सांगणाऱ्याला, नवीच्या किमतीत ती घट पूर्ण दिली का, हेही विचारा की!

विम्याचंही तसंच. वर्षानुवर्षं क्लेम न केल्याबद्दल मिळणारा नो क्लेम बोनस (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर 50 टक्क्यांपर्यंत) मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुनी विकताना विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या आणि नवीच्या विम्यात तो वजा करून घ्या. विमा शोरूममधूनच घेतला पाहिजे, अशी सक्ती नाही.

पण मंडळी, चाळीस हजार गेले तर गेले. खरा धोका नावाचा आहे.

आपल्या गाड्या शोरूमच्या अंगणात थोड्याच राहतात? तिथून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे जातात आणि आरसी बुकावर नाव आपलंच राहतं. गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरातही 2015 ते 2021 होती. वैनगंगेच्या पुलावरून पेट्या कशातून जातात, हे कुणाला सांगायला नको. सागवान नेणारी गाडी पकडली तर वनखातं ती जप्त करतं. अशा गाडीचा नंबर टाकला की पत्ता निघतो एखाद्या निवृत्त मास्तरांचा! निर्दोष असलात तरी वयाच्या पंचाहत्तरीत ठाण्याच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

अपघात झाला तर याहून वाईट. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात गाडी 2007 साली विकलेली, मग हातोहात पुढे गेलेली, अपघात 2009 चा. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली सांगितलं, नोंदणी ज्याच्या नावावर तोच मालक आणि भरपाईची जबाबदारीही त्याचीच.

म्हणून नमुना 29 आणि 30 वर नुसत्या कोऱ्या सह्या करून देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, वेळ भरल्याशिवाय सही नाही. कायद्याने, राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर 14 दिवसांत आरटीओला कळवणं हे विकणाऱ्याचं काम आहे. व्यापाऱ्याला देत असाल तर तो अधिकृत आहे का ते विचारा. 1 एप्रिल 2023 पासूनच्या नियमांनुसार अधिकृत व्यापाऱ्याला गाडी दिल्याची सूचना पोर्टलवर नोंदवली की पुढची जबाबदारी त्याची होते. ती नोंद समोर बसून करून घ्या, प्रत घ्या. "नंतर व्हॉट्सॲप करतो" हे उत्तर चालणार नाही.

या दिवाळीला आपल्या घरातल्या दोन गाड्या बदलायच्या घाटत आहेत, असं कानावर आलंय. भाचे-पुतण्यांनो, आत्या कटकट करते असं म्हणा हवं तर. पण गाडी दिल्यावर महिनाभराने एम-परिवहन ॲपवर जुना नंबर टाकून बघा. तिथे अजून तुमचंच नाव दिसलं, तर गाडी विकली गेलेली नाही. फक्त दारातून हलली आहे.